दादाला पत्र

प्रिय दादा,

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून लिहिते आहे. "आतड्याचा कॅन्सर जंतूंमुळे होतो म्हणे, मग अँटिबायोटिकचा एक कोर्स करून टाकतो," म्हणालास आणि विषय बदललास.

तो कोर्स करू नकोस. तू म्हणतोस तो जंतू, ई. कोलाय, आपल्या सगळ्यांच्याच आतड्यात असतो आणि बहुतेक वेळा निमूट राहतो. त्याचे काही मोजके प्रकार मात्र कोलिबॅक्टिन नावाचं विष तयार करतात. हे विष डीएनएचे दोन्ही धागे एकमेकांना चिकटवतं. पेशी ते सोडवायला जाते, दुरुस्ती कधी कधी फसते आणि चूक कायमची राहते. ती चूकही कुठेही होत नाही, डीएनएमधल्या ठरावीक अक्षरक्रमापाशीच होते. त्यामुळे पुढे कितीही वर्षांनी ओळखू येते.

मी लॅबमध्ये रोज जे सांभाळते ना, जेलच्या थेंबात वाढणारे आतड्याच्या पेशींचे पोकळ गोळे, खसखशीहून लहान, तसल्याच गोळ्यांमध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी हे जंतू पाच महिने पुन्हापुन्हा सोडले होते. त्यातून या विषाचा ठसा २०२० मध्ये नक्की झाला. मग २०२५ मध्ये ११ देशांतल्या ९८१ रुग्णांच्या गाठी तपासल्या, तर चाळिशीच्या आत आजार झालेल्यांत हा ठसा सत्तरीपुढच्यांपेक्षा ३.३ पट जास्त! ठसा सापडला म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असं नाही, हेही खरं. पण तो उमटतो बहुधा वयाच्या पहिल्या दहा वर्षांत. म्हणजे तुझ्या बाबतीत काही घडलंच असेल, तर तू मुळाक्षरं गिरवत होतास तेव्हाच. आता बेचाळिसाव्या वर्षी गोळ्या घेऊन ते कसं पुसणार? उलट आतड्यातले कामाचे जंतू मरतील.

आणि दोन महिने शौचातून रक्त जातंय, तू मात्र स्वतःच मूळव्याध ठरवून मोकळा! असेलही मूळव्याध. पण ते डॉक्टरांनी तपासून सांगू दे. कोलोनोस्कोपीत, म्हणजे नळीतून आतडं आतून बघतात त्या तपासणीत, एखादा कोंब (पॉलिप) दिसलाच तर बहुतेकदा तिथल्या तिथे काढतात.

वहिनीला मी अजून काही बोललेले नाही. रविवारपर्यंत तारीख घेतली नाहीस तर बोलेन. तपासणीआधी पोट साफ करायचं ते औषध मात्र भलतंच बेचव असतं, त्याबाबत मी काही खोटं बोलणार नाही.

तुझी,
छोटी