टेबल उजळ करायचंय म्हणतोस, तर...

प्रिय नंदू,

तुझं पत्र आणि टेबलाचा फोटो, दोन्ही पोचलं. काळपट झालंय खरं. पण ब्लीच आणायला धावण्याआधी एक बघ : काळेपणा नेमका कुठे आहे? पॉलिशमध्ये, वरून दिलेल्या रंगात, डागात की लाकडातच? सगळं औषध यावर ठरतं. माझ्या मते दहातल्या सात वेळा दोषी असतं ते जुनं पॉलिश. ते वर्षानुवर्षं पिवळं-तपकिरी होत जातं आणि शिव्या खातं बिचारं लाकूड. पॉलिश काढलं की बरेचदा ब्लीचची गरजच उरत नाही.

तसंही पॉलिश काढावंच लागतं, कारण त्याच्या थराखाली ब्लीच मुरत नाही. रिमूव्हर लावून खरवड, मग काचपेपर मार. शेवटी लाकडावर पाण्याचा थेंब टाकून बघ. तो सगळीकडे सारखा शोषला गेला, तर काम झालं. कुठे मण्यासारखा तरंगत राहिला, तर तिथे पॉलिश शिल्लक आहे. टेबलावर व्हिनियर, म्हणजे चांगल्या लाकडाचा पातळ पापुद्रा, चिकटवलेलं असेल तर मात्र हात आवर. ते कागदाइतकं पातळ असू शकतं, आणि जास्त पाण्याने त्याचा डिंकही सुटतो.

आता औषधं. भांड्याखालचं ते काळं वर्तुळ दिसतंय ना फोटोत, ते बहुधा लोखंडाचं. पाण्यातून उतरलेलं लोह आणि लाकडातलं टॅनिन नावाचं तुरट द्रव्य यांची गाठ पडली की शाईसारखा काळा रंग तयार होतो. त्यावर ऑक्झॅलिक ॲसिड. गरम पाण्यात पावडर विरघळेनाशी होईपर्यंत घालायची आणि डागापुरती न लावता अख्ख्या फळीवर लावायची, नाहीतर डागाच्या जागी फिकट चट्टा उठतो. काळं वर्तुळ आधी तपकिरी, मग धूसर आणि मग नाहीसं होताना बघायला मजा येते, मी तर तिथून हलतच नाही. पण हे ॲसिड विषारी आहे. नंतर दोन-तीनदा पाण्याने, मग खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसून घे. लाकडात राहिलेली पावडर घासताना उडाली तर नाकाघशाची आग होते.

कपड्यांचं क्लोरीनवालं ब्लीच शाईवर किंवा वरून दिलेल्या रंगावर चालतं, मूळ लाकडावर त्याचा फारसा प्रभाव पडत नाही. ते ॲसिडच्या किंवा अमोनियाच्या जवळपासही नेऊ नकोस. विषारी वायू तयार होतो, यात गंमत नाही.

लाकडाचा स्वतःचा रंग उतरवायचा असेल तर उपाय एकच, कॉस्टिक सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइडची जोडी. औषधाच्या दुकानातलं ३ टक्क्यांचं पेरॉक्साइड इथे पुरत नाही. लागतं ते साधारण ३० टक्क्यांचं, आणि ते कातडी भाजून पांढरी करतं. जाड रबरी हातमोजे, सुरक्षेचा चष्मा आणि उघडी खिडकी हवीच. ब्रश नायलॉनचा घे, कारण प्राण्यांच्या केसांचा ब्रश कॉस्टिकमध्ये विरघळतो. भांडं प्लॅस्टिकचं किंवा काचेचं. कॉस्टिक लागल्यावर लाकूड आणखी काळवंडतं, घाबरू नकोस. वर पेरॉक्साइड आलं की फेस येतो आणि हळूहळू रंग उतरतो. उरलेलं मिश्रण झाकणबंद बाटलीत ठेवायचं नाही, आतल्या वायूने ती फुटते. लाकूड व्हिनेगर घातलेल्या पाण्याने पुसून दोन दिवस वाळू दे. तंतू उभे राहून पृष्ठभाग खरखरीत होईल, त्यावर २२० नंबरचा काचपेपर हलक्या हाताने. दाबून घासलंस तर उजळलेला थरच निघून जाईल. एकदाच पुरेसं नाही झालं तर दुसरा हात दे, पण त्यापुढे नको, लाकूड ठिसूळ होतं.

वरचं पॉलिश पाण्यावर आधारलेलं, पारदर्शक निवड. तेलाचं दिलंस तर ते पुन्हा पिवळं पडणार.

टेबल शिसवीचं निघालं तर मात्र माझं ऐक, त्याच्या वाटेला जाऊ नकोस. शिसव नीट उजळतही नाही आणि तो काळसर रंग घालवायला मला तरी जिवावर येतं. दुसरं लाकूड असेल तर सुरुवात टेबलाच्या खालच्या बाजूने, जिथे कुणाची नजर जात नाही अशा कोपऱ्यात कर. दोन दिवसांनी तो वाळला की उजेडात फोटो काढून पाठव, मग वरच्या फळीचं ठरवू.

तुझा,
बंडू