आरोग्यमंत्री साहेब, वजनकाट्याशेजारी एक टेप पण ठेवा

मा. आरोग्यमंत्री साहेब, नमस्कार.

आमच्या भांडुपला मध्यंतरी फ्री चेकअपचा कॅम्प लागला होता. मंडप, बॅनर, हसरे फोटो सगळं झकास, आत मात्र एक वजनकाटा आणि एक बीपीचं मशीन. धाकट्या भावाला काट्यावर उभं केलं, 63 किलो, "तुम्ही फिट आहात, नेक्स्ट". त्याच्या मागे शेजारच्या काकू होत्या, त्यांना चारचौघांत "वडापाव बंद करा" म्हणून झापलं, आता त्या बिचाऱ्या ॲसिडिटीमुळे वडापावला हातही लावत नाहीत ते सोडा.

नंतर भावाच्या ऑफिसने उपाशीपोटी ब्लड टेस्ट केली तर ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी 290, जी 150 च्या आत पाहिजे, आणि चांगलं कोलेस्ट्रॉल म्हणजे एचडीएल फक्त 31. हातपाय काडी, पोट तेवढं सुटलेलं, शर्ट बाहेर काढला की दिसत नाही. वडिलांना चाळिशीतच शुगर निघालेली, आजोबांना पण होती, पण कॅम्पात हे विचारतंय कोण.

साहेब, लठ्ठपणा नुसता खाण्याने येत नाही, बराचसा रक्तातूनही, म्हणजे आईबापाकडूनही येतो. 2007 मध्ये एफटीओ नावाच्या जीनचा (जनुकाचा) लठ्ठपणाशी संबंध सापडला, त्याचा जाड करणारा प्रकार आई आणि बाप दोघांकडून आलेल्यांचं वजन सरासरी 3 किलो जास्त भरलं. हा अभ्यास युरोपातल्या लोकांवरचा. आपली गंमत वेगळीच. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा फोटो 2004 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात आला होता, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सेम 22.3, पण शरीरातली चरबी युडकिनांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. आता सांगा, काट्याला काय कळणार?

जीन टेस्ट वगैरे महागडी थेरं मी मागत नाहीये, आणि रक्तातच आहे म्हणून हात टेकायचेही नाहीत, कारण अंग हलवणाऱ्यांमध्ये त्या एफटीओचा जोर कमी पडतो असं दिसलंय (लोकलमध्ये लटकणं त्यात धरत असतील तर मुंबईकर वाचलेच म्हणायचे). एक टेप द्या, पुरुषांची कंबर 90 सेंटीमीटरच्या वर किंवा बायकांची 80 च्या वर असेल, किंवा आईबापाला शुगर असेल, तर वजन कितीही असो, लिपिड (रक्तातली चरबी) आणि शुगरची टेस्ट तिथल्या तिथे फुकट करा. आणि काकूंसारख्यांना झापण्याआधी जरा घरचा इतिहास विचारा.

पुढचा कॅम्प गणपतीच्या आधी आहे म्हणतात, तोवर निदान फॉर्ममध्ये "आईवडिलांना शुगर आहे का" एवढा एक रकाना तरी छापून घ्या.

आपला,
एक भांडुपकर