लेन्स घेण्याआधी भाता मोजावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत लार्ज फॉरमॅट कॅमेऱ्याविषयी प्रसिद्ध झालेला लेख आवडला. ४×५ इंची फिल्मवर काम करू पाहणारी तरुण मंडळी नाशिकमध्ये आहेत आणि त्यांना या विषयावर मराठीतून वाचायला फारसे मिळत नाही, म्हणून असा लेख छापल्याबद्दल आपले मनापासून आभार. मात्र निसर्गचित्रांसाठी ९० मिलिमीटरची वाइड लेन्स आणि फुलापानांसाठी १२० मिलिमीटरची खास मॅक्रो लेन्स अशा दोन लेन्स घ्याव्यात, हा त्यातील सल्ला पाठीवर सामान घेऊन आपल्याकडचे डोंगर चढणाऱ्या छायाचित्रकाराच्या सोयीचा नाही, असे मला वाटते. अशा व्यक्तीने एफ/९ अ‍ॅपर्चरची, म्हणजे प्रकाश आत घेणारे छिद्र तुलनेने लहान असणारी (एफचा आकडा जितका मोठा तितके छिद्र लहान), १८० किंवा २१० मिलिमीटरची एकच लेन्स घ्यावी आणि त्याआधी आपल्या कॅमेऱ्याचा भाता, म्हणजे लेन्स आणि फिल्म यांना जोडणारा घड्यांचा, ताणता येणारा भाग, किती उघडतो ते मोजावे, असे माझे मत आहे.

लार्ज फॉरमॅटवर जवळून चित्र घेणे म्हणजे नेमके किती जवळून, हे आधी पाहायला हवे. ३५ मिलिमीटर फिल्मची चौकट २४×३६ मिलिमीटरची असते; ४×५ इंची फिल्मवर प्रत्यक्ष चित्र उमटते ते साधारण ९६×१२० मिलिमीटरचे. छोट्या कॅमेऱ्यावर सोनकीचे एकच फूल चौकटभर घ्यायचे तर जवळजवळ १:१ या प्रमाणापर्यंत, म्हणजे फिल्मवर फूल प्रत्यक्षाएवढेच उमटेपर्यंत, जावे लागते. मोठ्या फिल्मवर मात्र १:२ या प्रमाणातच सुमारे १९×२४ सेंटिमीटरचा भाग चौकटीत मावतो, म्हणजे सोनकीचा अख्खा झुबका, त्याची पाने आणि खालचा ओला कातळही. तेच एक फूल ४×५ वर चौकटभर हवे असेल तर ते फिल्मवर चौपट मोठे पाडावे लागेल, आणि ते काम छोट्या कॅमेऱ्याकडेच सोपवलेले बरे. डोंगरावरचे लार्ज फॉरमॅटचे जवळचे काम बहुतांशी १:४ ते १:१ या टप्प्यातच राहते, आणि लेन्स निवडायची ती या टप्प्यासाठी व त्याबरोबरच दूरच्या डोंगररांगेसाठी.

खास मॅक्रो लेन्सची अडचण इथेच येते. लेन्स फिल्मच्या पातळीवर प्रकाशाचे जे वर्तुळ पाडते, त्याचा व्यास लेन्स फिल्मपासून जितकी दूर सरकेल तितका वाढतो आणि १:१ ला तो अनंतावरच्या, म्हणजे अगदी दूर फोकस केल्यावरच्या, व्यासाच्या दुप्पट होतो. मॅक्रो लेन्सच्या माहितीपत्रकात हा आकडा पुष्कळदा १:१ चा दिलेला असतो. समजा तो २४० मिलिमीटर असेल, तर दूरच्या डोंगरावर फोकस केल्यावर त्याच लेन्सचे वर्तुळ १२० मिलिमीटरचे उरेल. ४×५ च्या चौकटीचा कर्ण सुमारे १५४ मिलिमीटर असल्यामुळे निसर्गचित्राचे चारही कोपरे काळे पडतील. शिवाय या लेन्सचे भिंगदोष जवळच्या अंतरासाठी सुधारलेले असल्याने दूरच्या दृश्यात ती आपले सर्वोत्तम काम देत नाही. स्टुडिओत दागिने किंवा घड्याळे टिपणाऱ्याला निकॉर एएम किंवा मॅक्रो-सिरोनार यांसारख्या लेन्स नक्कीच शोभतात. अंजनेरीच्या डोंगरवाटेवर मात्र मॅक्रो लेन्सच्या जोडीला दुसरी लेन्स बाळगावीच लागते.

एफ/९ च्या ज्या लेन्सची मी शिफारस करतो, त्यांतल्या बहुतेकांचे कूळ छापखान्यातले आहे. चित्र छापण्याचा धातूचा ठसा, म्हणजे ब्लॉक, तयार करण्यासाठी, आणि पुढे ऑफसेटच्या प्लेटसाठी, मूळ चित्र सपाट फळ्यावर लावून प्रोसेस कॅमेऱ्याने त्याची निगेटिव्ह घेतली जाई. त्या कामात कडेची रेघ वाकून चालत नसे, आणि रंगीत छपाईत वेगवेगळ्या रंगांच्या निगेटिव्ह आकाराने तंतोतंत सारख्या याव्या लागत, नाहीतर छापताना रंग एकमेकांवर बसत नसत. म्हणून या लेन्स मोठ्या अ‍ॅपर्चरचा हव्यास न धरता, कडेपर्यंत स्वच्छ आणि सपाट प्रतिमा देण्यासाठी घडवल्या गेल्या. त्यातील भिंगांची मांडणी अ‍ॅपर्चरच्या दोन्ही अंगांना जवळजवळ सारखी असते, त्यामुळे १:१ च्या आसपास रेषांचा वाकडेपणा आणि कडेचे रंगदोष परस्परांना छेद देऊन नाहीसे होतात. १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी याच ब्लॉक आणि छपाईच्या व्यवसायात होते, रंगीत छपाईचे तंत्र पाहण्यासाठी ते १९०९ मध्ये जर्मनीला गेले होते आणि कुंडीतल्या वाटाण्याला फुटलेल्या अंकुराची वाढ त्यांनी दिवसागणिक टिपली होती. छापखान्यातल्या कॅमेऱ्याची शिस्त आणि उगवत्या रोपाकडे जवळून पाहण्याची ओढ अशी आपल्याच मातीतल्या एका माणसात एकत्र आली होती, याचा मला अभिमान वाटतो.

श्नायडरची जी-क्लॅरॉन ही या घराण्यातली सहज सुचणारी लेन्स. ती १:१ साठी बनवलेली असली तरी एफ/२२ पर्यंत बंद केल्यावर दूरच्या डोंगराचेही उत्तम चित्र देते, आणि निसर्गचित्र काढताना आपण अ‍ॅपर्चर तसेही तिथेच ठेवतो. २१० मिलिमीटरच्या जी-क्लॅरॉनचे वर्तुळ एफ/२२ ला, अनंतावर, २६० मिलिमीटर आहे आणि १५० मिलिमीटरच्या लेन्सचे १८९. फुजिनॉनच्या ए मालिकेतील १८० व २४० मिलिमीटरच्या लेन्सही याच कामाच्या आणि वजनाला हलक्या आहेत. रोडेनस्टॉकची अ‍ॅपो-रोनार अतिशय नितळ चित्र देते, पण तिचा कोन अरुंद आहे. २४० ची घेतली तर ठीक, १५० ची घेतल्यास दूरच्या दृश्यात ४×५ चे कोपरे ती गाठत नाही.

यांपैकी किती मिलिमीटरची घ्यायची, हे कॅमेऱ्याचा भाता ठरवतो. हिशेब सोपा आहे: १:२ साठी फोकल लांबीच्या (म्हणजे लेन्सच्या मिलिमीटरच्या आकड्याच्या) दीडपट आणि १:१ साठी दुप्पट भाता ताणावा लागतो. पाठपिशवीत मावणाऱ्या हलक्या लाकडी फील्ड कॅमेऱ्यांपैकी अनेकांचा भाता ३०० मिलिमीटरच्या आसपास उघडतो. अशा कॅमेऱ्यावर २४० ची लेन्स १:४ लाच थांबते, २१० ची १:२ च्या थोडी अलीकडे थांबते, आणि १८० ची मात्र १:२ ओलांडून २:३ पर्यंत पोहोचते. ज्यांच्याकडे ३०० मिलिमीटरचा भाता आहे त्यांना म्हणूनच मी १८० सुचवीन, आणि ४०० च्या पुढे जाणारा भाता असेल तर २१०. १५० ची लेन्स ३०० च्या भात्यावर थेट १:१ देते हे खरे, पण तिच्यासह फुलाच्या फार जवळ जावे लागते. १:२ ला लेन्स आणि फूल यांत फोकल लांबीच्या तिप्पट अंतर राहते: १२० च्या लेन्सला ३६ सेंटिमीटर, तर १८० च्या लेन्सला ५४. हा फरक कागदावर किरकोळ वाटेल; पण तिकाटण्याचे पाय कुठे रोवले जातात आणि फुलावर आपलीच सावली पडते की नाही, हे त्यावरच ठरते. अंजनेरीवर तर जगात इतरत्र न आढळणारी सेरोपेजिया या फुलझाडाची एक जात आहे, आणि तिथे थोडे लांब उभे राहता येणे हा लेन्सचा मोठाच गुण मानला पाहिजे.

आता निसर्गचित्राविषयी. ४×५ वरची ९० मिलिमीटरची लेन्स म्हणजे ३५ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यावरची साधारण २५ ची. गल्लीबोळांत किंवा घाटावरच्या दाटीत तिचा उपयोग निर्विवाद आहे, पण सातमाळा रांगेतले किल्ले सपाटीवरून सुटे उठलेले दिसतात आणि वाइड लेन्सने ते क्षितिजावरच्या बारीक टेंगळांसारखे होऊन जातात. धोडपच्या कातळभिंतीतली ती प्रसिद्ध खाच ओळखू यायची असेल, तर १८० किंवा २१० च हवी.

पावसाळा ओसरताना अंजनेरीच्या पठारावर काळ्या कापडाखाली डोके घालून कॅमेऱ्याच्या मागच्या घासलेल्या काचेवर पाहिले, तर उलट्या चित्रात वरच्या कडेला सोनकीचा पिवळा पट्टा आणि खालच्या कडेला ब्रह्मगिरी दिसतो. लेन्स सरळ असताना दोहोंपैकी एकच स्पष्ट असते. लेन्स बसवलेली पुढची फळी हळूहळू पुढे झुकवत गेले की जवळच्या पाकळ्यांची कड आणि दूरचा कडा एकाच वेळी रेखीव होत जातात. जमिनीपासून मीटरभर उंचीवरच्या कॅमेऱ्याला १८० च्या लेन्सने यासाठी सुमारे १० अंशांचा कल पुरतो, २१० ला १२ लागतो. या कलामुळे प्रकाशाचे वर्तुळ चौकटीच्या मध्यावरून सरकते, आणि तिथे २६० मिलिमीटरचे वर्तुळ निर्धास्त करते, तर १८९ चे जेमतेम पुरते. उभ्या दांड्यावरच्या फुलाला मात्र हा कल उपयोगी नाही. तिथे अ‍ॅपर्चर बंद करण्यावाचून गत्यंतर नसते.

एफ/९ च्या लेन्सने काचेवर अंधार दिसतो, हा आक्षेप रास्त आहे. एफ/५.६ च्या तुलनेत प्रकाश अडीचपटींहून अधिक घटतो, आणि भाता ताणल्यावर आणखी. पण त्यावर जाड काळे कापड आणि चांगले भिंग हा उपाय आहे, आणि चित्र शेवटी एफ/२२ लाच घ्यायचे असल्याने मोठ्या अ‍ॅपर्चरचा लाभ फक्त फोकस करण्यापुरता असतो. प्रमाण सारखे असेल तर कमी फोकल लांबीच्या लेन्सने चित्रात स्पष्ट दिसणारी खोली वाढते, हा समजही बरोबर नाही. १:२ ला एफ/२२ वर कोणत्याही लेन्सने साधारण अडीच सेंटिमीटरचीच खोली स्पष्ट मिळते. भात्यासाठी वाढवायचा प्रकाश मात्र विसरू नये: १:२ ला सव्वादोन पट, १:१ ला चौपट. ढगाळ हवेत १०० आयएसओच्या फिल्मवर शटर उघडे ठेवण्याची वेळ पाव ते अर्ध्या सेकंदापर्यंत जाते, आणि पठारावरचा वारा तेवढा वेळ थांबेपर्यंत केबल रिलीज हातात धरून वाट पाहावी लागते.

या लेन्स आता जुन्या बाजारातच मिळतात, त्यामुळे घेताना मागून टॉर्च लावून पाहावे. काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू म्हणजे बुरशी, आणि कडेला चकाकणारे ठिपके किंवा पट्टे म्हणजे चिकटवलेली भिंगे सुटू लागल्याची खूण. शटरचा एक सेकंद आणि अर्धा सेकंद घड्याळावर ताडून पाहावा. काही जी-क्लॅरॉन शटरविना, नुसत्या नळीत मिळतात. त्या कोपल शटरमध्ये बसवता येतात, पण त्या शटरवरची अ‍ॅपर्चरची पट्टी दुसऱ्या लेन्सची नाही ना, हे विचारून घ्यावे. आणि आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत लेन्स चामड्याच्या डब्यात बंद करून ठेवू नये.

आपल्या पुरवणीत या विषयावर पुन्हा लेख येणार असेल, तर प्रत्येक लेन्सच्या नावापुढे तिचे अनंतावरचे वर्तुळ आणि १:२ साठी लागणारा भाता हे दोन आकडे जरूर छापावेत, अशी विनंती आहे.

आपला,
एक वाचक
इंदिरानगर, नाशिक