सेंदाबाईंचा सामना

नॉर्थम्प्टन, मॅसॅच्युसेट्स

प्रिय सुमी,

लेकीकडे येऊन तीन आठवडे झाले. काल तिच्याबरोबर इथल्या स्मिथ कॉलेजच्या आवारात फिरून आले आणि तेव्हापासून तुझ्याशी बोलायला जीव कासावीस झालाय. फोनवर घाई होते, म्हणून कागद घेतला.

ज्या बास्केटबॉलपायी आपण दोघींनी गुडघे फोडून घेतले, त्या खेळाचा मुलींच्या कॉलेजातला पहिला सामना इथे झाला, २२ मार्च १८९३ ला. खेळ तेव्हा जेमतेम सव्वा वर्षाचा होता. इथून जवळच्या स्प्रिंगफील्डमध्ये जेम्स नायस्मिथ नावाच्या शिक्षकाने डिसेंबर १८९१ मध्ये व्यायामशाळेच्या सज्जाला पीचच्या टोपल्या टांगून तो सुरू केला. टोपल्यांना बूड होतं, म्हणून गोल झाला की चेंडू काढायला कोणीतरी वर चढायचं!

त्याबद्दल वाचलं ते सेंदा बेरेन्सन यांनी. जन्म लिथुआनियातला, लहानपणीच बॉस्टनला आलेल्या. प्रकृती इतकी नाजूक की व्यायामाकडे वळल्या त्या स्वतः धड व्हावं म्हणून, आणि १८९२ च्या जानेवारीत या कॉलेजात व्यायामशिक्षिका झाल्या. त्या काळात इथले नावाजलेले डॉक्टरसुद्धा सांगत, की मुली फार शिकल्या तर शरीराने खचतील. एडवर्ड क्लार्क या बॉस्टनच्या डॉक्टरांनी १८७३ साली तसं पुस्तकच लिहिलं होतं. मला आपल्या आनंदीबाई आठवल्या गं. त्या १८८६ ला फिलाडेल्फियात एम.डी. झाल्या, म्हणजे याच हवेत शिकल्या.

तर सामना पहिल्या वर्षाच्या मुली विरुद्ध दुसऱ्या वर्षाच्या. पुरुषांना आत मज्जाव. मुलींनी ब्लूमर, म्हणजे ढगळ विजारी घातलेल्या, आणि तशा पोशाखात परपुरुषांनी बघणं कुणाला पटणारं नव्हतं. पोरींनी मात्र गाणी म्हणत, आरडाओरडा करत जागा दणाणून सोडली. सेंदाबाईंनी चेंडू वर उडवला आणि त्या पहिल्याच झेपेत पहिल्या वर्षाच्या मुलीचा खांदा निखळला. तो बसवला, तिच्या जागी दुसरी आली आणि खेळ पुढे चालू! दुसऱ्या वर्षाच्या मुली ५-४ ने जिंकल्या.

मी तिथेच थांबले, सुमे. विभागीय सामन्यात तुझा खांदा निखळला, तेव्हा ‘मुलींना हवंच कशाला हे’ म्हणत आपल्या शाळेने पुढच्या वर्षी संघच काढला नाही. इथे, १८९३ साली, खांदा बसवून खेळ पुढे सुरू केला. केवढी हिंमत त्या बाईची! एवढ्या निमित्तावर सगळं बंद करणं सोपं होतं.

पण एक गोष्ट खुपते. त्यांनी मुलींसाठी नियम बदलले. मैदानाचे तीन भाग पाडले आणि आपला भाग सोडून जायचं नाही असं ठरवलं. दुसरीच्या हातातून चेंडू हिसकायचा नाही, तीन सेकंदांपेक्षा जास्त धरायचा नाही. हेतू हा की धक्काबुक्की होऊ नये, कोणी धावून थकू नये. लेक म्हणाली, ‘म्हणजे शेवटी बांधूनच घातलं की.’ मला तसं म्हणवत नाही. त्या रेषा आखल्या नसत्या, तर खेळूच दिलं असतं का कुणी? तरी तुझी ती या टोकापासून त्या टोकापर्यंतची धाव आठवते आणि वाटतं, तीन भागांच्या मैदानात ती कुठे मावली असती! रेषा टिकल्या मात्र फार. आयोवा राज्यातल्या काही शाळांत मुली १९९३ पर्यंत विभागलेल्या मैदानावरच खेळत होत्या. म्हणजे आपण दोघी कोर्टभर धावत होतो, तेव्हा इथल्या काही पोरी अर्ध्यावर थांबत होत्या. हे मला कालच कळलं आणि रात्री बराच वेळ झोप आली नाही.

१९८५ साली, त्यांना जाऊन एकतीस वर्षं झाल्यावर, सेंदाबाईंचं नाव स्प्रिंगफील्डच्या बास्केटबॉल हॉल ऑफ फेममध्ये लागलं. परवा लेक तिकडे नेणार आहे.

खांदा पावसाळ्यात अजून दुखतो का तुझा? मे महिन्यात येतेय. शाळेमागच्या कोर्टावर रिंग अजून शाबूत आहे का, तेवढं बघून ठेव. चेंडू मी आणते.

तुझीच,
शैला