लुनेनबर्गच्या काकांना, आणि त्यांच्या गाडीतून आलेल्या कलावंतांना

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

समोरासमोर आभार मानू लागले की तुम्ही चहाचे आधण ठेवायला उठता आणि विषय बदलता, हे आता मला पुरते ठाऊक झाले आहे. म्हणून लिहिते आहे, आणि तेही उघडपणे लिहिते आहे. कारण ज्या कलावंतांची ओळख तुम्ही मला करून दिलीत, त्यांच्याविषयी आपल्या मंडळींना, विशेषतः कॅनडात नव्याने येऊन हिवाळ्याशी झगडणाऱ्यांना, काही कळावे अशी माझी मनापासून इच्छा आहे. तुमचे नाव मी मुद्दाम घातलेले नाही. ज्यांना ओळखायचे ते ओळखतीलच.

पुण्याहून हॅलिफॅक्सला आले तेव्हा गाणे सुटले, असेच मी धरून चालले होते. सवाई गंधर्वच्या मांडवात शाल गुंडाळून बसण्याची सवय असलेल्या माणसाला हेडफोनवरचे गाणे किती दिवस पुरणार? गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत मी हे रडगाणे तुम्हांला ऐकवले, तेव्हा तुम्ही सांत्वन केले नाहीत, फक्त विचारलेत, “गाडी चालवतेस ना?” त्या प्रश्नाचा अर्थ पुढच्या उन्हाळ्यात कळला. लुनेनबर्गच्या फोक हार्बर महोत्सवात स्वयंसेवकांच्या यादीत तुम्ही माझे नाव घातले होते, आणि माझ्याकडे काम आले होते ते कलावंतांना विमानतळावरून आणण्याचे.

ज्यांनी हे गाव पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. नोव्हा स्कॉशियाच्या दक्षिण किनाऱ्यावर, हॅलिफॅक्सपासून सुमारे शंभर किलोमीटरवर, १७५३ साली वसवलेले हे मच्छीमारांचे गाव आहे. अडीच हजारांच्या आसपास वस्ती, उतारावर एकाला एक लागून उभी असलेली लाल-पिवळी लाकडी घरे, आणि १९९५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत नाव. कॅनडाच्या दहा सेंटच्या नाण्यावर जे शिडाचे जहाज दिसते, ते ‘ब्लूनोज’ इथल्याच गोदीत बांधून १९२१ मध्ये पाण्यात उतरवले गेले. अशा गावात १९८६ पासून दर ऑगस्टमध्ये हा महोत्सव भरतो. टेकडीवरच्या मोठ्या तंबूत, गावाच्या मधल्या बँडस्टँडवर, चर्चमध्ये. भव्य असे त्यात काही नाही, आणि माझ्या मते तेच त्याचे भाग्य आहे.

गाडीच्या त्या फेऱ्यांतून मला जे मिळाले, ते तिकीट काढून कधीच मिळाले नसते. कलावंत म्हटला की त्याच्यामागे हार, शिष्य आणि पेटी उचलणारी दोन माणसे, हेच चित्र डोळ्यांपुढे असायचे. इथे एक बाई मोठाली गिटारची पेटी स्वतः ओढत आल्या, डिकीत ती आडवी कशी ठेवायची हे त्यांनी मला दोनदा सांगितले, आणि तरीही वाटेत पेट्रोल पंपावर उतरून पेटी हलली तर नाही ना हे पाहून आल्या. मला क्षणभर रागच आला होता. तुम्ही मग डेव्ह कॅरल यांची हकिगत सांगितलीत: हॅलिफॅक्सच्याच या गायकाची गिटार २००८ मध्ये विमानप्रवासात मोडली, भरपाई मिळेना, तेव्हा त्यांनी त्यावर गाणे रचले आणि पुढच्या वर्षी ते साऱ्या जगाने पाहिले. कॅरल यांना निदान गाणे तरी सुचले. इतरांची वाद्ये मुकाट्याने मोडतात, असे तुम्ही म्हणालात. त्यानंतर मी डिकीत जुनी गोधडी ठेवू लागले.

हवेचा प्रश्नही तसाच. पुण्याच्या पावसाळ्यात तंबोरा उतरतो हे मी अनुभवलेले होते, पण समुद्रावरून धुके चढून तंबूत शिरले की दहा मिनिटांत फिडलचे, म्हणजे लोकसंगीतातल्या व्हायोलिनचे, सूर कसे हलतात आणि गिटारचे लाकूड फुगून तारा पट्ट्यांपासून कशा वर उचलल्या जातात, ते मंचामागे उभे राहिल्यावरच कळले. एक गट उतरून दुसरा चढेपर्यंत जेमतेम पंधरा-वीस मिनिटे मिळतात. तेवढ्यात तारा लावायच्या, माईक तपासायचे, स्वतःचा आवाज आपल्याला ऐकू येतो की नाही ते पाहायचे. या घाईत कुणी कुणावर डाफरलेले मी ऐकले नाही. साउंडच्या मुलाला प्रत्येक जण नावाने हाक मारत होता आणि उतरताना त्याचे आभार मानत होता. आपल्याकडे ध्वनिव्यवस्थेवर मंचावरूनच उघड नाराजी व्यक्त करण्याची जी रीत काही बुजुर्गांनी पाडली, तिची या वेळी मला आठवण झाली. असो.

तुमच्या सगळ्या उपकारांत मोठा उपकार मात्र एका जागेचा आहे. दुपारच्या बैठकीला मी सवयीने पहिल्या रांगेकडे निघाले होते, तेव्हा तुम्ही मला थांबवून मंचाच्या कडेला, तंबूच्या दोरखंडापाशी एका उलट्या खोक्यावर बसवलेत. “इथून चेहरे नीट दिसणार नाहीत, हात दिसतील,” एवढेच म्हणालात.

मंचावर चार खुर्च्या होत्या आणि चार अनोळखी माणसे. नोव्हा स्कॉशियातल्याच केप ब्रेटन बेटावरची एक फिडलवादक, क्वेबेकचा एक अकॉर्डियनवाला, न्यूफाउंडलंडचा एक बूझुकी, म्हणजे लांब मानेचे तंतुवाद्य, वाजवणारा आणि सस्कॅचवनहून आलेल्या एक गीतकार बाई. आळीपाळीने एकेकाने आपले गाणे म्हणायचे, आणि बाकीच्यांनी जमेल तशी साथ करायची, एवढाच नियम. तालीम नाही, ठरवाठरव नाही. गीतकार बाईंनी फक्त पट्टी सांगितली, गिटारच्या मानेवर कॅपो, म्हणजे पट्टी बदलण्याचा चिमटा, चढवला आणि सुरुवात केली. पहिल्या कडव्यात फिडलवादक गज मांडीवर ठेवून नुसती ऐकत होती. दुसऱ्या कडव्यात तिने एकच स्वर लावला, लांब, जवळजवळ ऐकू न येणारा, आणि ओळ संपली तसा काढून घेतला. बूझुकीवाला तिसरी ओळ आली की प्रत्येक वेळी अडखळत होता. तेवढ्यात अकॉर्डियनवाल्याने, ज्याने आपल्या भात्याचा पट्टा अजून सोडवलाही नव्हता, गुडघ्याशी हात धरून चार बोटे दाखवली, मग पाच, मग एक. बोटांचा तो हिशेब तुम्ही मला हळूच समजावलात: सा पासून मोजायचे, चार म्हणजे मध्यमावरची कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवायचा स्वरांचा जुडगा, पाच म्हणजे पंचमावरची, एक म्हणजे पुन्हा घरी. बूझुकी सावरली. अकॉर्डियन त्या संपूर्ण गाण्यात एकदाही वाजले नाही, आणि गाणे संपल्यावर गीतकार बाईंनी मान वळवून पहिले अभिवादन केले ते त्यालाच.

साथसंगत या विषयावर मी आजवर पुष्कळ ऐकले आहे आणि थोडे बोललेही आहे. पण वाद्य बंद ठेवून केलेली साथ मी त्या दुपारी पहिल्यांदा पाहिली. प्रेक्षकांत बसले असते तर त्या माणसाला स्वस्थ बसलेला समजून सोडून दिले असते. तुम्ही मला त्या खोक्यावर बसवलेत म्हणून ती बोटे दिसली.

असे मंच कॅनडाच्या बहुतेक लोकसंगीत महोत्सवांत असतात, आणि त्यांना ‘वर्कशॉप’ म्हणतात, हेही तुमच्याकडूनच कळले. १९६१ मध्ये ऑन्टारिओतील ऑरिलिया येथे मॅरिपोसा महोत्सव सुरू झाला, आणि पुढे एस्टेल क्लाइन यांच्या हाती त्याची सूत्रे आल्यावर दिवसाच्या या छोट्या बैठकींना रात्रीच्या मोठ्या मंचाइतकेच महत्त्व आले. एका बाईंच्या त्या आग्रहाचे फळ आज देशभरच्या गावांत श्रोते चाखत आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांना त्यांचे नावही माहीत नसेल.

केप ब्रेटनच्या फिडलविषयी मात्र मला थोडे अधिक लिहायचे आहे, कारण तिनेच मला खरे जिंकले. स्कॉटलंडहून आलेल्या लोकांनी जपलेले हे वादन. साथीला बहुधा पियानो, आणि वादकाची टाच सारखी लाकडी फळीवर ठेका धरून. स्ट्रॅथस्पेची डौलदार, झटके घेत जाणारी चाल चालू असते, आणि मधे श्वास घेण्याइतकीही उसंत न देता वादक रीलच्या द्रुत लयीत उडी घेतो. त्या वळणावर श्रोत्यांतून जो हुंकार येतो, तो अगदी आपल्या मांडवातल्या ‘वाहवा’सारखा असतो, फक्त जरा कोळ्यांच्या आवाजात. परतीच्या वाटेवर तुम्ही सांगितलेत की १९७०च्या दशकाच्या आरंभी एका दूरचित्रवाणी माहितीपटाने ही कला आता संपत चालली आहे असे भाकीत केले होते. तेव्हा चिडलेल्या केप ब्रेटनकरांनी १९७३ मध्ये ग्लेनडेल या खेड्यात शंभराहून अधिक फिडलवादक एकत्र आणून उभे केले. बडी मॅकमास्टर हे त्या परंपरेतले थोर वादक आयुष्यभर रेल्वेत नोकरी करून रात्री नाचाच्या कार्यक्रमांना वाजवत असत, हेही तुम्ही सांगितलेत. उपजीविका एकीकडे आणि जीव दुसरीकडे, असे जगलेले किती तरी वादक आपल्याही गावोगावी होऊन गेले. त्यांची नोंद कुणी ठेवली नाही, एवढाच फरक.

रात्री टेकडीवरच्या तंबूत लोकगायक स्टॅन रॉजर्स यांचे एक गाणे सुरू झाले आणि सगळा तंबू ध्रुवपद म्हणू लागला, तेव्हा मला एकटीलाच शब्द येत नव्हते. जन्माने ते ऑन्टारिओतील हॅमिल्टनचे, पण घरची मुळे नोव्हा स्कॉशियाच्या कॅन्सो भागातली, म्हणून कोळ्यांची, बुडालेल्या होड्यांची, रिकाम्या होत चाललेल्या गावांची गाणी त्यांनी लिहिली. टेक्सासमधल्या एका लोकसंगीत महोत्सवाहून परतताना, २ जून १९८३ रोजी, सिनसिनाटीच्या विमानतळावर उतरलेल्या जळत्या विमानात त्यांचा अंत झाला. वय अवघे तेहतीस. त्यानंतर १९९२ मध्ये न्यूफाउंडलंडची कॉड मासेमारी बंद करावी लागली, आणि लवकरच नोव्हा स्कॉशियाच्या पूर्वेकडच्या समुद्रातही तीच वेळ आली. माझ्या शेजारी बसलेल्या, रापलेल्या हातांच्या आजोबांनी ते ध्रुवपद डोळे मिटून, थोडे बेसूर, पण एकही शब्द न चुकता म्हटले. मंचावरचे चौघेही त्या वेळी माईकपासून मागे सरकले होते, तंबूचा आवाज पुढे यावा म्हणून. टाळ्यांच्या मोबदल्यात स्वतःचा आवाज आवरता येणे ही मोठी कमाई आहे, आणि ती यांनी छोट्या मंचांवरूनच केलेली असणार.

कमाईवरून आठवले. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला सीडी विकण्याच्या टेबलावर बसवलेत, ते मला आधी कमीपणाचे वाटले होते, पण तिथेच व्यवहार समजला. ऑनलाइन ऐकणाऱ्यांकडून या कलावंतांच्या हाती फारसे काही पडत नाही. मानधनातला मोठा भाग प्रवासात जातो. तेव्हा कार्यक्रमानंतर टेबलाशी उभे राहून विकलेल्या सीडीच पुढच्या गावापर्यंतचे पेट्रोल भरतात. ज्यांच्या घरी सीडी वाजवायचे यंत्र उरलेले नाही असे लोकही त्या विकत घेत होते आणि सही मागत होते. सस्कॅचवनच्या त्या गीतकार बाई प्रत्येकाशी बोलल्या, रांग संपल्यावर उरलेल्या सीडी मोजून खोक्यात भरल्या, मला चहा आणून दिला, आणि पहाटे पुढच्या महोत्सवाला निघून गेल्या.

त्या बाईंना, त्या फिडलवादकाला, बूझुकीवाल्याला आणि न वाजवणाऱ्या अकॉर्डियनवाल्याला माझे आभार तुम्ही कळवावेत. त्यांना मराठी येत नाही, पण तुम्ही योग्य शब्दांत सांगाल याची खात्री आहे. एका परक्या देशात, ज्यांचे एकही गाणे मला आधी माहीत नव्हते अशा माणसांनी मला आपल्या इतक्या जवळ बसू दिले, की चुकलेली कॉर्ड आणि सावरलेली कॉर्ड दोन्ही मी पाहू शकले. मी माझी बाजाची पेटी घेऊन आले नव्हते हे फार बरे झाले. आणली असती तर कुणीतरी प्रेमाने वाजवायला लावले असते, आणि ऐकणे राहून गेले असते. घरी परतल्यावर सकाळी तंबोऱ्याच्या ॲपवर का होईना, रियाज पुन्हा सुरू केला आहे, हे तुम्हांला कळवण्याजोगे आहे म्हणून कळवते.

आता यंदाच्या ऑगस्टविषयी. विमानतळाच्या फेऱ्या मी आणि माझे यजमान वाटून घेऊ. रात्री उशिराची विमाने तुम्ही घेऊ नयेत. काकूंनीही मला तसे बजावून सांगितले आहे, तेव्हा यात वाद नको. कलावंतांच्या स्वयंपाकघरात एका दुपारी पोहे करण्याची परवानगी मिळते का, तेवढे विचारून ठेवावे. आमच्या नव्या गाडीची मागची सीट आडवी होते, पण तीत डबल बाससारखे अवजड वाद्य मावेल की नाही याची मला शंका आहे. पुढच्या रविवारी टेप घेऊन येते, दोघे मिळून मोजून पाहू.

तुमची नम्र,
सीडीच्या टेबलावरची स्वयंसेविका
हॅलिफॅक्स, नोव्हा स्कॉशिया