चिऊच्या शाळेबद्दल, सविस्तर

ती. आई-बाबांना,
सा. न.

रविवारी फोनवर चिऊला रेआलशुले, म्हणजे इथली मधल्या पातळीची शाळा, मिळणार असं सांगितलं, तेव्हा बाबा एकदम गप्प झाले. आई म्हणाली, "दहा वर्षांच्या पोरीचं इंजिनिअरिंग-मेडिकल आत्ताच बंद केलं की काय?" तेव्हा चिऊ माझ्या शेजारीच बसली होती, म्हणून मी विषय बदलला. आता नीट लिहिते.

जर्मनीत सोळा राज्यं आहेत आणि शाळा प्रत्येक राज्याच्या हातात. अभ्यासक्रमच काय, शाळेचा सगळा सांगाडाच राज्यागणिक बदलतो. बाबांच्या मित्राचा नातू बर्लिनला आहे ना, तो सहावीपर्यंत प्राथमिक शाळेतच असेल. आमच्या बव्हेरियात प्राथमिक शाळा चौथीला संपते. तेव्हा त्या दोघांची तुलना करू नका.

चौथीनंतर तीन वाटा फुटतात. गिम्नाझियुम तेरावीपर्यंत चालतं आणि शेवटी आबिटूर ही मोठी परीक्षा असते, तिच्यावर कुठल्याही विद्यापीठाचा दरवाजा उघडतो. रेआलशुले दहावीपर्यंत. तिसरी मिटेलशुले, तिथला भर हाताच्या कामावर आणि लवकर धंद्याला लागण्यावर. कुठे जायचं ते मे महिन्याच्या सुरुवातीला मिळणाऱ्या एका प्रगतिपुस्तकावर ठरतं. त्यात जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांची सरासरी बघतात. आई, इथे 1 म्हणजे सर्वांत उत्तम आणि 6 म्हणजे सर्वांत वाईट, त्यामुळे चिऊचा गणितातला 2 हा चांगला आहे. बाकी दोन विषयांत तिला 3 मिळाले. सरासरी 2.66. गिम्नाझियुमला 2.33 लागते. म्हणजे एका विषयात एक पायरी कमी पडली, एवढंच. वर्गात नंबर काढतच नाहीत, त्यामुळे "कितवी आली?" याला माझ्याकडे उत्तर नाही.

जर्मनमध्ये 3 का, तेही सांगते. इथे लेखी परीक्षेबरोबरच वर्गात बोलण्याकडेही लक्ष असतं. हात वर करणं, मत सांगणं, दुसऱ्याचं खोडून काढणं, या सगळ्याचे गुण धरतात. आपली चिऊ उत्तर येत असूनही विचारल्याशिवाय तोंड उघडत नाही. बाबा, तुम्ही विचारलंत की घरी मराठी बंद करून जर्मन बोललात तर? नाही करणार. तिच्या बाईंशी मी बोलले, त्यांनीही तसं सुचवलं नाही. आमचं मोडकंतोडकं जर्मन ऐकून तिचं जर्मन सुधारणार नाही. ते सुधारेल गोष्टींची पुस्तकं वाचून आणि मैत्रिणींमध्ये राहून. मराठी सुटली तर आईशी फोनवर होणाऱ्या गप्पा मात्र तेवढ्यात गमावून बसेल.

गिम्नाझियुमसाठी एक वाट अजून होती. ज्यांची सरासरी कमी पडते त्यांना तीन दिवस तिथे बसवून जर्मन आणि गणिताची परीक्षा घेतात. आम्ही दोघांनी विचार करून ती द्यायची नाही असं ठरवलं. गेले काही महिने ती प्रत्येक चाचणीच्या आदल्या रात्री पोट दुखतं म्हणायची. त्या पोरीला आणखी एका चाचणीत ढकलायचं मला पटलं नाही.

आणि दरवाजा बंद झालेला नाही, हे तुम्हाला कळावं म्हणून हा एवढा पत्रप्रपंच. पाचवीत गुण चांगले पडले तर रेआलशुलेतून गिम्नाझियुमला जाता येतं. नाही गेली तरी सातवीपासून ती गणित-विज्ञानाचा गट घेऊ शकते. दहावीला राज्यभर एकाच प्रश्नपत्रिकेवर परीक्षा होते. नंतर फाखओबरशुले म्हणून शाळा असते. तिथे बारावी केली की उपयोजित विज्ञानाच्या विद्यापीठात इंजिनिअरिंगला जाता येतं, आणि तेरावी केली तर पुढच्या वाटाही खुल्या होतात. माझ्या टीममधले दोन इंजिनिअर याच वाटेने आलेत.

शिवाय आउसबिल्डुंग आहे. बाबा, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त समजेल. तुम्ही आयटीआय करून टूलरूममध्ये अप्रेंटिस लागला होतात, साधारण तसंच. कंपनीशी करार होतो, आठवड्यातले एक-दोन दिवस व्यवसाय शाळेत आणि उरलेले कामावर, दोन ते साडेतीन वर्षं, दरमहा पगारासह. बँकेतला माणूस, चष्मेवाला, इलेक्ट्रिशियन, दवाखान्यातली मदतनीस, सगळे यातूनच तयार होतात. पुढे माइस्टर, म्हणजे आपल्या धंद्यातला परीक्षा दिलेला उस्ताद, झालेल्या माणसाला इथे फार मान आहे, आणि त्याला विद्यापीठातही प्रवेश मिळतो. तुमच्या हातातल्या कामाला आपल्याकडे तो मान मिळाला नाही. "मुलीने तरी ऑफिसात बसावं" असं तुम्हाला का वाटलं, ते मला माहीत आहे.

तरी ही पद्धत मला सगळी पटते असं समजू नका. दहा वर्षांच्या वयात मुलांना असं वेगळं काढणं फार लवकर आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. कोणाची मुलं कुठे जातात हे पाहिलं की शिकल्यासवरल्या घरची गिम्नाझियुमला आणि कामगारांची, बाहेरून आलेल्यांची मुलं खालच्या वाटांना जास्त दिसतात. 2001 मध्ये पिसा नावाच्या आंतरराष्ट्रीय चाचणीचे पहिले निकाल आले, तेव्हा घरची परिस्थिती आणि मुलांची प्रगती यांचा संबंध जर्मनीत किती घट्ट आहे हे बघून हा देश हादरला होता. पुष्कळ सुधारणा झाल्या, पण चौथीनंतरची ही विभागणी बव्हेरियाने सोडलेली नाही. पालकसभेत मी हे बोलते आणि बोलत राहणार.

आता तुमच्याकडून हवं ते. फोनवर तिला "हरकत नाही, पुढच्या वेळी" असं म्हणू नका, त्यातून आपण हरलो असंच तिला वाटतं. नातेवाइकांत कोणी विचारलं तर "पाचवीला मोठ्या शाळेत जाते" एवढं सांगा, ते खरंच आहे. आणि बाबा, तिला व्हर्नियर कॅलिपर वाचायला शिकवाल का? तुमचा जुना कॅलिपर तिने मागच्या सुट्टीत हातात घेतला होता, त्याबद्दल ती अजून विचारते.

इथे ऑगस्टपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत उन्हाळी सुट्टी असते, नवी शाळा लगेच त्यानंतर. तुम्ही ऑगस्टअखेर यावं असं आम्हाला वाटतं. व्हिसाच्या तारखा पटापट भरतात, तेव्हा दोघांच्या पासपोर्टची मुदत बघून मला आजच कळवा.

तुमची,
सुमी