'औदुंबर'मधली वाढलेली मात्रा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत बालकवींच्या 'औदुंबर'चे रसग्रहण वाचले. मनःशांतीच्या शोधाची कविता म्हणून तिच्याकडे पाहणे पटले. कवितेत 'मी' नाही, 'शांती' हा शब्दही नाही. पहिले क्रियापद 'वाहतो' आणि शेवटचे 'बसला'. ८ ओळींत वाहण्यापासून बसण्यापर्यंतचा प्रवास होतो, हे लेखात नेमके आले आहे. मात्र कवितेच्या चालीबद्दल लेखात अवाक्षर नाही, आणि सोबत छापलेल्या कवितेत छपाईमुळे नेमकी चालच तीन ठिकाणी अडखळते.

ऱ्हस्व म्हणजे लघु अक्षराची एक मात्रा, दीर्घ म्हणजे गुरू अक्षराच्या दोन; या हिशेबाने या कवितेची ओळ २७ मात्रांची आहे. ८ मात्रांवर एक विसावा, पुढच्या ८ वर दुसरा, मग उरलेल्या ११. ओळीचे शेवटचे अक्षर लघु असले तरी गुरू धरायचे. 'ऐल तटावर । पैल तटावर । हिरवाळी घेउन' असे बोटांवर मोजून पाहावे. पहिल्या चार ओळी याच संथ ठेक्यात जातात. पाचव्या ओळीत ('पायवाट पांढरी तयांतुनि अडवीतिडवी पडे') पायवाट येते आणि ठेका मोडतो. आठव्या मात्रेवर थांबायला जावे, तर 'पांढरी'चे 'पां' आणि 'ढरी' असे दोन तुकडे होतात. श्वास घेता येतो तो थेट ११व्या मात्रेवर. सहाव्या ओळीतही ('हिरव्या कुरणामधुनि चालली काळ्या डोहाकडे') तेच: तिथे 'कुरणामधुनि' मध्येच तुटतो. एकूण मात्रा २७च, पण वाट 'अडवीतिडवी' झाली तशी ओळही झाली. काळ्या डोहापाशी पोचल्यावर सातव्या ओळीत 'झांकळुनी जळ । गोड काळिमा । पसरी लाटांवर' असा जुना विसावा परत मिळतो. कवीने हे मोजूनमापून केले असेल असे मी म्हणत नाही. त्याच्या कानाने केले असावे. शोध कुठे चालू आहे आणि कुठे थांबला, हे मात्र इथेच ऐकू येते.

शेवटच्या दोन ओळींतले दोन घोळही हाच विसावा सोडवतो. 'गोड' हे जळाचे विशेषण की काळिम्याचे? विसावा 'जळ'नंतर आहे, म्हणजे गोड आहे तो काळिमा. 'बसला असला' हे एकत्र वाचायचे का? नाही; 'पाय टाकुनी । जळांत बसला । असला औदुंबर'. असा हा औदुंबर! शिवाय 'पसरी' हे माझ्या मते सकर्मक आहे, म्हणजे काळिमा स्वतः पसरत नाही, त्याला कुणीतरी पसरतो. काळिमा पसरणारा कोण, याचे उत्तर कवितेच्या अगदी शेवटच्या शब्दात आहे. म्हणून मोठ्याने वाचताना 'लाटांवर' या शब्दावर आवाज खाली टाकू नये. बहुतेक जण तिथेच पूर्णविराम देतात आणि औदुंबर नंतर वेगळा, उपरा उरतो. उंबर ओढ्यानदीच्या काठी, पाण्याला धरून वाढतो. 'पाय टाकुनी' हे मुळांचे सरळसरळ वर्णनही आहे, तिथे फार गूढ शोधायला नको. काळा डोह म्हणजे मृत्यूच, हा अर्थही बालकवी २७व्या वर्षी १९१८ साली भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली गेले, त्या घटनेवरून मागे वळून लावलेला वाटतो. 'गोड' हा शब्द त्याला सहजी दाद देत नाही.

आता छपाईबद्दल. तुमच्या मजकुरात 'घेऊन', 'बेटाबेटांतून' आणि 'टाकूनी' असे आहे. प्रत्येक ठिकाणी एक मात्रा वाढून ओळ २८ची झाली. मुद्रितशोधकाने पहिल्या दोन शब्दांत नियमच पाळला, हे खरे: शुद्धलेखनाच्या नियमांनुसार फक्त केशवसुतपूर्व पद्य मुळाबरहुकूम छापायचे, आणि बालकवी केशवसुतांनंतरचे. पण वृत्ताच्या बंधनासाठी ऱ्हस्व-दीर्घाची मोकळीकही त्याच नियमांत कवीला दिलेली आहे, ती इथे लागू पडते. 'टाकूनी' कुठून आले ते कळत नाही. गद्यातही ते चालत नाही. बहुधा आंतरजालावरून उचलले गेले असावे, तिथे असे पाठ पुष्कळ फिरतात.

जुने अनुस्वार काढल्याने काहीच बिघडत नाही. 'सांवळा'तला 'सां' दोन मात्रांचा, 'सावळा'तला 'सा'ही दोनच. 'गरदी'ची 'गर्दी' झाली तरी हिशेब तोच राहतो, फक्त जीभ किंचित अडते. बिघडतो तो ऱ्हस्वाचा दीर्घ केल्याने.

एक विनंती. येत्या रविवारी या ८ ओळी चौकटीत पुन्हा छापाव्यात. अनुस्वार गाळले तरी चालतील. 'घेउन', 'बेटाबेटांतुन', 'टाकुनी' यांतले उकार मात्र ऱ्हस्व ठेवावेत.

— एक वाचक, जळगाव